मांजरांचा लागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस वहिनींनी पंधरवड्यापूर्वी मला सांगितले की, मांजरांच्या निधीबद्दल यंदा तुम्हीच चार शब्द बोला, म्हणजे तेच स्मरणिकेत छापता येतील. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय मला नाही, पण हिशेब ठेवण्याची आहे. म्हणून मी आज हिशेबच सांगणार आहे, आणि त्या हिशेबाच्या आजूबाजूला जे घडले तेही. मागच्या सभेत हा निधी बंद करावा असा ठराव आला होता, तो अजून निकालात निघालेला नाही, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. ठराव मांडणाऱ्या काकू पुढेच बसल्या आहेत. त्यांचा माझा काही वाद नाही. काल रात्रीच त्यांच्याकडून मी विरजण आणले.

२०२४च्या जूनमध्ये आमच्या समोरची चाळ नव्या बांधकामासाठी रिकामी झाली. कोणी संक्रमण शिबिरात गेले, कोणी भाडे घेऊन विरार-बदलापूरकडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या एका जिन्यावर राहिलेली माणसे आठ दिवसांत पांगली. कपाटे गेली, देव गेले, तुळशीच्या कुंड्या गेल्या. मांजरे राहिली. सगळ्यांनीच टाकली असे मी म्हणणार नाही. दोन-तीन घरांनी आपापली मांजरे पिशवीत घालून नेली. पण चाळीतले मांजर कोणा एकाचे कुठे असते? ते पहिल्या मजल्यावर जेवते, तिसऱ्यावर झोपते आणि तळमजल्यावर वीते. न्यायचे तर कोणी न्यायचे? मासळीवालीची हाक आली की ती अकरा मांजरे बंद दारांपुढे ओळीने बसत. मोजून अकरा. मी रोज सकाळी गॅलरीतून पाहत असे, म्हणून नक्की सांगते.

गणपती येईपर्यंत त्यांतल्या तीन मांजरी व्यायल्या. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्ले होतात, आणि ती पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले. पण आपल्यापैकी जिने दोन वर्षे जिन्याखालचे मांजर पाहिले आहे तिला ते डॉक्टरांनी सांगायची गरज नाही. दूध-भाताची वाटी ठेवणे हे पुण्य खरे, पण त्या वाटीने मांजरांची संख्या वाढते आणि दुःखही वाढते. म्हणून जुलैच्या सभेत विषय निघाला तो खाऊ घालण्याचा नव्हे, ऑपरेशनचा. नसबंदी करावयाची, आणि अपघात-आजार असेल तर शस्त्रक्रियेला मदत करावयाची.

आता पैसा. पहिल्याच सभेत एक भगिनी म्हणाल्या, "माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि मांजराला ऑपरेशन? लोक हसतील." लोक हसले, हे खरे आहे. आमच्या हेही हसले. पण आपल्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिकाबाई त्या दिवशी उठल्या आणि त्यांनी जी माहिती सांगितली, ती मला इतकी आवडली की मी वहीत उतरून घेतली.

बाई म्हणाल्या, या मुंबईत मुक्या जनावरांसाठी पैसा गोळा करणे ही काही नवी टूम नाही. १८३२ साली इंग्रज सरकारच्या हुकमावरून पोलीस रस्त्यावरची कुत्री मारू लागले, तेव्हा पारशी आणि हिंदू व्यापारी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, मोठी दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंदांच्या घराण्यातली मंडळी यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरापोळ सुरू केली. ती आजही तेथे आहे. आणि तिचा खर्च कसा चालवला? व्यापाऱ्यांनी ठरवले की मालाचा व्यवहार होईल त्यावर थोडासा लागा बसवायचा. कोणा एकाने मोठी थैली ओतायची नाही. प्रत्येक सौद्यातून चिमूटभर बाजूला काढायचे. देणाऱ्याला जाणवू नये आणि घेणाऱ्याला रोज मिळावे.

आणि आपल्या परळचेच पाहा. ज्याला आपण बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो, त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. सर दिनशा पेटिट हे गिरणीमालक. पत्नीच्या नावाने त्यांनी ते १८८३ साली उभारून दिले. जनावरांवरील अत्याचार थांबवणारी जी मुंबईची संस्था, ती १८७४ सालची. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. ट्रामचे घोडे, मालाच्या गाड्यांचे बैल, यांचे हाल रस्त्यात सर्वांना दिसत; म्हणून बैल आणि घोडे. पुढे १८८६ साली तेथेच जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज निघाले. म्हणजे आपल्या गिरणगावात माणसांचे केईएम १९२६ साली उघडले, त्याच्या चाळीसेक वर्षे आधी बैलघोड्यांचे हॉस्पिटल उभे होते! माझे सासरे गिरणीत होते. ते सांगत की कापसाच्या गोदामात उंदरांसाठी मांजरे मुद्दाम ठेवलेली असत आणि पाळीवरचे कामगार डब्यातले भाकरीचे तुकडे त्यांना टाकीत. पेटिटशेठ गेले, ट्रामचे घोडे गेले, १९८२च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. हॉस्पिटल मात्र आहे, आणि आता तेथे बैलांपेक्षा कुत्री-मांजरेच जास्त दिसतात.

तर "लागा" हा शब्द आम्ही तेथून उचलला. आपल्या मंडळाची चोवीस जणींची भिशी आहे, दरमहा हजार रुपयांची. ठरले की प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये लागा म्हणून वेगळे द्यायचे. चोवीस विसे चारशे ऐंशी. वीस रुपयांत आज कटिंग चहाही दोनच येतात, तेव्हा कुणाला जड गेले नाही. वर्षाचे पाच हजार सातशे साठ झाले.

रद्दीचे मी सांगते. पूर्वी रद्दी म्हणजे वर्तमानपत्रे. हल्ली पेपर घेणारी घरे थोडी, पण मुले मोबाइलवरून वस्तू मागवतात त्यांची पुठ्ठ्याची खोकी इतकी येतात की दाराबाहेर डोंगर होतो. अठरा घरांनी ती खोकी फोडून, सपाट करून, दोरीने बांधून महिन्याच्या शेवटच्या रविवारी खाली आणून ठेवायची. रद्दीवाला तोलून पैसे देतो. वर्षात चार हजार तीनशे दहा रुपये मिळाले. या कामात मुलांनी जो उत्साह दाखवला तो मोठ्यांनी दाखवला नाही, हे येथे नोंदवून ठेवते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे वाटतो. ते प्रत्येकीच्या घरी माळ्यावर पडून असतात. गेल्या संक्रांतीला आपण फक्त तिळगूळ आणि सुगड दिले आणि डब्यांचे वाचलेले तीन हजार एकशे पन्नास निधीत टाकले. यावर दोघी-तिघी नाराज झाल्या. वाण ते वाण, त्यात मांजर कशाला आणता, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांचे म्हणणे समजते. पण डबे मात्र खरोखरच फार झाले होते.

दिवाळीच्या फराळाचे सात हजार नऊशे सुटले. त्यात चकलीचाच वाटा मोठा. कमला मिल आणि फिनिक्सच्या बाजूला ज्या कचेऱ्या झाल्या आहेत, तेथल्या मुली शनिवारी येऊन पाकिटे घेऊन जात. ज्या जागेत आमच्या सासऱ्यांनी साचे चालवले तेथल्या मुलींना आम्ही चकल्या विकतो. असो.

पण खरी कमाई मसाल्याची. आपण दर उन्हाळ्यात घरचा मालवणी मसाला करतोच. यंदा मे महिन्यात चाळीस किलो एकदम केला. लालबागच्या मिरची गल्लीतून बेडगी, संकेश्वरी आणि काश्मिरी अशा तीन प्रकारच्या मिरच्या आणल्या. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, सगळे निवडून, गच्चीवर दोन ऊन दाखवून, घरोघरी भाजून घेतले आणि डंकावर कुटून आणले. गच्चीवर तेव्हा इतका ठसका उठला होता की वरच्या मजल्यावरचे पाहुणे दुपारचे निघून गेले. सगळा खर्च धरून किलोला सहाशे चाळीस पडले, आठशेला विकला. किलोमागे एकशे साठ, चाळीस किलोंचे सहा हजार चारशे. ज्यांनी भाजले त्यांच्या श्रमाचे पैसे यात धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवावे. विकत घेताना पुष्कळ जणी "बाहेर सातशेला मिळतो" असे म्हणाल्या. बाहेर मिळतो त्यात काय असते तेही त्यांनीच मला नंतर सांगितले.

मला स्वतःला मागण्यापेक्षा विकणे बरे वाटते. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. त्यांनी देणगी घ्यायची नाही असे ठरवले होते. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी आपल्याच गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. हातातल्या कामावर पैसा उभा करणे हे आपल्या भागातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. तरीपण मांजराच्या पोटात पू झाला आणि डॉक्टर म्हणाले आजच, तर पापड वाळायला कोण थांबणार? तेव्हा मागावे लागते. मागताना ज्यांना लाज वाटते त्यांना मी एक गोष्ट सांगते. २०२४च्या जूनमध्ये रतन टाटा यांनी एका सात महिन्यांच्या कुत्र्यासाठी रक्त हवे आहे म्हणून मुंबईकरांना जाहीर विनंती केली होती. महालक्ष्मीला टाटांचे जे प्राण्यांचे मोठे रुग्णालय त्या वर्षी सुरू झाले, तेथे ते कुत्रे दाखल होते. ज्यांना पैशाचा तोटा नव्हता त्यांनाही दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागला, आणि लोकांनी आपापली कुत्री रक्त द्यायला पुढे केली. देणग्यांचे आपल्याकडे वर्षात आठ हजार दोनशे पंधरा आले. प्रत्येकाची पावती दिली आहे.

आता फेब्रुवारीचे. ठराव कशावरून आला ते नव्या सभासदांना कळावे म्हणून सविस्तर सांगते.

आपल्या मागच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. रिकाम्या झालेल्या चाळीतल्या अकरांपैकी एक करड्या रंगाची मांजरी त्यांच्याकडे येऊन राहिली होती. आजी तिला बायो म्हणत. एका शनिवारी सकाळी आजी आल्या आणि म्हणाल्या, "बायो दोन दिवस खात नाही, सारखं पाणी पिते, आणि खालून घाण जाते." आम्ही दोघी तिला टोपलीत घालून जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सोनोग्राफी करून सांगितले की गर्भाशय पुवाने भरले आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांना हा आजार होतो. पिशवी काढलीच पाहिजे, आणि ती आत फुटली तर मांजर हाती लागणार नाही. ऑपरेशन, भूल, सलाईन, औषधे आणि तीन दिवस ठेवणे मिळून तेरा हजार आठशे.

त्या दिवशी निधीत नऊ हजार तीनशे पन्नास रुपये होते. आणि ते मोकळे नव्हते. मंडईकडच्या बोळातल्या सात माद्यांच्या नसबंदीसाठी ते सभेत ठरवून ठेवलेले होते. सात माद्या की एक बायो, असा सरळ प्रश्न होता.

संध्याकाळी सहाला माझ्या खोलीत तातडीची बैठक झाली. जागा नसल्याने चौघी गॅलरीत उभ्या. काकूंनी स्पष्ट सांगितले, "सात जणींचे पैसे एकीवर घालायचे नाहीत. आज बायो वाचेल, उद्या बोळात पंचवीस पिल्ले होतील, त्यांचे काय?" त्यांचे गणित बरोबर होते. शिक्षिकाबाईंचे म्हणणे, ज्या सात आहेत त्यांना आज दुखत नाही, हिला दुखते आहे. तेही बरोबर होते. बोलता बोलता आवाज चढले. तेवढ्यात आजी आत आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. आजोबांना जाऊन बारा वर्षे झाली. म्हणाल्या, "या गहाण टाका. मला आता काय करायच्यात?"

कोणी काही बोलेना. काकूंनीच त्या वाट्या उचलून पुन्हा आजींच्या पदराला बांधल्या आणि म्हणाल्या, "सोनं निघणार नाही. पण माझं मत बदललेलं नाही." मग हात वर झाले. बायोच्या बाजूने नऊ, विरुद्ध सहा. मी बायोच्या बाजूने हात वर केला, आणि उद्या तसाच प्रसंग आला तर पुन्हा करीन.

कमी पडत होते चार हजार चारशे पन्नास. काकूंनी मत विरुद्ध दिले होते, पण उपाय त्यांनीच सुचवला: मसाल्याची आगाऊ नोंदणी घ्या. रात्री नऊपर्यंत सहा किलोंचे पैसे आले, चार हजार आठशे. त्यांतला एक किलो काकूंचा. आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे कर्जच. मे महिन्यात मसाला घरपोच दिला तेव्हा ते फिटले. रात्री साडेनऊला ऑपरेशन झाले. बायो चौथ्या दिवशी घरी आली आणि दहाव्या दिवशी टाके निघाले. ती आज आजींच्या खिडकीत असते. पूर्वीपेक्षा जाडच झाली आहे.

आणि बोळातल्या सात माद्या? त्यांपैकी दोघींचीच नसबंदी वर्षअखेरपर्यंत होऊ शकली. राहिलेल्या पाचांपैकी तिघी उन्हाळ्यात व्यायल्या. अकरा पिल्ले झाली. पावसाळ्यापर्यंत त्यांतली चारच उरली. हे मी लपवून ठेवले असते तर भाषण गोड झाले असते. पण काकू जेव्हा सभेत म्हणाल्या की त्या सात पिल्लांचा हिशेबही वहीत लिहा, तेव्हा मी तो लिहिला. वहीत पान चौदावर आहे.

दुसरा हिशेब एप्रिलचा. मोटारसायकलखाली सापडलेले एक बोक्याचे पिल्लू शाळकरी मुलांनी दप्तरात घालून आणले. मागचा पाय चिरडला होता, तो काढावा लागला. औषधांसह चार हजार नऊशे खर्च झाला. पिल्लू तिसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर ज्यांनी शंभर-शंभर रुपये दिले होते त्यांतल्या एकांनी मला जिन्यात गाठून विचारले, "वहिनी, आमचे पैसे पाण्यातच गेले ना?" मी त्यांना बिल दाखवले. डॉक्टरांनी भूल दिली, पाय काढला, दुखू नये म्हणून औषध दिले. पैसे त्या कामाचे होते आणि ते काम झाले. माणसाच्या इस्पितळातही आपण बरे होण्याची पावती घेत नाही. त्या मुलांना मात्र काही समजावता आले नाही. त्यांनी त्याला मैदानाच्या कडेला पुरले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाहीत.

वर्षाची जमा पस्तीस हजार सातशे पस्तीस. खर्च असा: नऊ माद्या आणि चार बोक्यांची नसबंदी, टॅक्सी आणि पिंजऱ्याच्या भाड्यासह, पंधरा हजार तीनशे नव्वद. ही सवलतीच्या दरात झाली म्हणून एवढ्यात भागले. बायोचे तेरा हजार आठशे. पिल्लाचे चार हजार नऊशे. शिल्लक एक हजार सहाशे पंचेचाळीस.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या त्या सांगते, कारण आमच्यामागून कोणी हे काम धरले तर उपयोगी पडतील. पैसे कधीही कोणा व्यक्तीच्या हाती किंवा फोनवर घेऊ नयेत. देणगी मंडळाच्या खात्यात, आणि दवाखान्याचे पैसे मंडळाच्या खात्यातून थेट दवाखान्याला. खर्चाचा अंदाज आधी कागदावर मागावा. एका खाजगी दवाखान्याने आमच्याकडून अनामत घेतली आणि छापील बिल द्यायला टाळाटाळ केली. तेथे आम्ही पुन्हा गेलो नाही. बिल नसेल तर देणगीदाराला काय दाखवणार? नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचे टोक डॉक्टर किंचित कापतात, ते पाहून घ्यावे, म्हणजे तीच मांजरी दुसऱ्यांदा पकडून नेली जात नाही. ऑपरेशनच्या आधी मोठ्या मांजराला उपाशी ठेवावे लागते, किती तास ते डॉक्टर सांगतात; आपल्या मायाळू शेजारणींना हे आदल्या रात्रीच बजावावे, नाहीतर कोणीतरी पहाटे बोंबिलाचे डोके घालतेच आणि भूल देता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: मांजराला ताप आला, लंगडले, म्हणून घरातली क्रोसिन देऊ नये. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेते. माणसाच्या पोरांना चालते ते मांजराला विष आहे.

जाण्यायेण्याचा खर्च आता वाढणार आहे. २०२५च्या सप्टेंबरात प्रभादेवीचा जुना पूल पाडण्यासाठी बंद केला, तेव्हापासून बैलघोड्याला जायचे तर टॅक्सी करी रोडवरून वळसा घेते. दोघी मिळून पिंजरा उचलणार असतील तर स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत जाणे जवळ पडते. पण पिंजऱ्यातले मांजर त्या गर्दीत जे ओरडते त्याने सगळे प्रवासी आपल्याकडे चोरासारखे पाहतात.

ठरावाबद्दल एवढेच बोलते. विरोधकांच्या तीन गोष्टी आहेत. पहिली, माणसे आधी. आपल्या मंडळाचा वैद्यकीय मदतीचा निधी वेगळा आहे आणि त्यातला एक रुपयाही इकडे आलेला नाही. वही कोणीही पाहावी. दुसरी, मांजरांनी घाण होते. होते, खरे आहे. पण ती हाकलून दिली तर बोळात उंदीर येतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला होता आणि हाफकिन साहेबांची लस बनवायला आपल्याच परळला जागा द्यावी लागली, हे शाळेत मुलांना शिकवतात. आता प्लेग नाही, पण पावसाच्या साचलेल्या पाण्यात उंदरांमुळे लेप्टो होतो हे दर जुलैत महापालिका सांगते. अर्थात मोठ्या घुशीपुढे मांजरही शेपूट घालते, तेव्हा हा मुद्दा मी फार ताणत नाही. आणि हाकलून देताना त्यांना मारणे, पोत्यात घालून दूर सोडणे, यांबद्दल १९६०चा कायदा आहे. तोही एका बाईनेच लावून धरला होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल, नृत्यासाठी प्रसिद्ध होत्या, त्यांनी राज्यसभेत त्याचे विधेयक आणले होते.

तिसरी गोष्ट काकूंची, आणि ती वजनदार आहे. त्या म्हणतात, निधी ठेवायचा तर तो नसबंदीसाठीच बांधून ठेवा. एकेका अपघातामागे धावलात तर मूळ काम कधीच पुरे होणार नाही. माझी सूचना अशी आहे की निधीचे दोन डबे करावेत. भिशीचा लागा, रद्दी आणि हळदीकुंकू यांचा पैसा नसबंदीच्या डब्यात, त्याला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. फराळ, मसाला आणि देणग्या यांचा पैसा आजार-अपघाताच्या डब्यात. तो संपला की संपला, मग दारोदार फिरावे लागले तर फिरायचे. काकूंना हे काल विरजण घेताना सांगितले. त्या म्हणाल्या, "विचार करते." आपणही करावा.

लहानपणी आजी सांगत असे की मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते. आमचे हे परवा सोन्याचा भाव वाचून म्हणाले, "त्या मानाने तुमची ऑपरेशने फारच स्वस्त." ते हसण्यावारी म्हणाले, पण मग खिशातून पाचशेची नोट काढून दिली. पावती क्रमांक एकशे बारा.

चकलीची भाजणी येत्या बुधवारी दळायला जायची आहे. ज्यांना भाजायला वेळ आहे त्यांनी, आणि ज्यांना फक्त विकत घ्यायचे आहे त्यांनीही, दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे त्यात नावे लिहावीत. पेन दोऱ्याने बांधलेले आहे, ते कृपया नेऊ नये.